लांडग्याची लाज

त्या माळावर चावायचे दात कुणालाच नव्हते. शेळ्या, मेंढ्या, काही गाढवं आणि त्यांच्या पाठींवर बसून गोचीड टिपणाऱ्या साळुंक्या, अशी सगळी गरीब प्रजा. माळाच्या एका अंगाला काळा खडक होता आणि खडकापलीकडे लांडगा राहायचा. तरीही ही प्रजा टिकून होती, कारण तिच्याजवळ हुर्यो होता.

हुर्यो कसा करायचा हे तिथे कुणाला शिकवावं लागत नसे. लांडग्याने गवतातून डोकं वर काढलं की पहाऱ्यावरची साळुंकी "हुर्रऽऽ" असा सूर लावी आणि सगळा माळ एका दमात "योऽऽ" करून उठे. खूर आपटायचे, धूळ उडवायची, दात विचकायचे, माना वेळावायच्या. शिवी नाही, धमकी नाही, शिंग उगारणं नाही. निव्वळ टर उडवायची. आणि ज्याच्या जबड्यात अख्खं कोकरू मावेल तो लांडगा मान खाली घालून, पाय ओढत परत जाई. का जाई, हे कुणी कधी विचारलं नाही. जातोय ना? मग झालं तर!

पहाऱ्यावरच्या साळुंकीचं नाव हळदी. डोळ्यांभोवतीचा पिवळा रंग हिचा जरा जास्तच भडक, म्हणून हे नाव. ती भिवरी नावाच्या शेळीच्या पाठीवर बसायची. हळदीच्या आईनेही भिवरीच्या आईच्याच पाठीवर जन्म काढला होता. माळावर पाठ ही फार मोठी गोष्ट. साळुंकीला पाठ असली की तिचं पोट भरतं, तिला चार जणांत बसायला जागा असते, तिच्या पिल्लांना कुणीतरी ओळखतं. पाठ नसली की तिला कुणी विचारत नाही.

हळदीची नजर तेज होती आणि तोंड फटकळ होतं. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असल्या की काय होतं, ते आता बघा.

माळावर शिंगराव नावाचा एक एडका होता. गोल वळलेली शिंगं, भरदार छाती, आणि बोलायला लागला की कुणाचं ऐकायचा नाही. लांडगा पळाला की हा सगळ्यांच्या पुढे येऊन सांगायचा, "कसा पळाला बघा माझ्याकडे बघून!" पण प्रत्यक्ष हुर्यो चालू असताना तो सगळ्यात मागे असायचा. खालून ते कुणाला दिसत नसे. हळदीला वरून दिसायचं. एकदा पाणवठ्यावर तो असाच फुशारक्या मारत होता, तेव्हा तिला राहवलं नाही.

"शिंगराव," ती म्हणाली, "तुम्ही एवढा हुर्यो करता, पण लांडग्याचं तोंड कसं असतं हो? तुम्हाला तर कायम आमच्या शेपट्याच दिसत असतील."

सगळा पाणवठा खिदळला. गाढवं तर पाण्यातच बसली. शिंगरावही हसला, अगदी मोकळेपणाने हसला. पण त्याने ते मनात ठेवलं. असले लोक विसरत नसतात.

पुढे थोड्याच दिवसांनी हळदीची पोर केशर पहिल्यांदा घरट्यातून उतरून भिवरीच्या पाठीवर आईशेजारी येऊन बसली. अजून तिला बोलता येत नव्हतं. हळदी तिला माळ दाखवत होती, इकडे बोर, तिकडे पाणी, तो खडक, तिकडे मात्र जायचं नाही बरं का. आणि दाखवता दाखवता तिला बोरीच्या झुडपाखाली दोन कान दिसले.

तिने सूर लावला. "हुर्रऽऽ!"

माळ वळला. सगळ्यांनी छाती भरून श्वास घेतला. पण त्या दिवशी लांडगा उठलाच नाही. तो गवतात तसाच दबून पडून राहिला. समोर नुसती बोर आणि वाऱ्याने हलणारं गवत. आता हुर्यो ही चीज अशी आहे की एकदा छातीत भरली की परत गिळता येत नाही. ती कुणावर तरी टाकावीच लागते. सगळे फुगलेले, लाल झालेले, इकडे तिकडे बघत उभे.

शिंगराव नेहमीप्रमाणे मागे, उंचवट्यावर होता. तिथून बोरीखालची करडी पाठ स्पष्ट दिसत होती. त्याने ती बघितली. त्याने बघितलेलं हळदीने बघितलं. मग त्याने सावकाश मान वळवून हळदीकडे पाहिलं.

"कुठाय लांडगा?" तो म्हणाला. "हाच का तो? पिवळ्या डोळ्यांचा? पंखवाला?"

आणि त्यानेच सूर लावला. "हुर्रऽऽ!"

"योऽऽ!"

काय तो आवाज! सगळा माळ मोकळा झाला. हळदी ओरडत होती, "अरे बोरीखाली बघा! देवाशपथ, तो तिथेच आहे!" पण त्या कल्लोळात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. जिच्या कानातले गोचीड तिने काल काढले होते ती मेंढी जीभ बाहेर काढून हसत होती. गाढवं धूळ उडवत होती. एकटी भिवरी तोंड मिटून, मान खाली घालून उभी होती. आणि मग हळदीला अगदी शेजारून एक बारीक, कोवळा आवाज ऐकू आला.

"यो!"

केशर होती ती. सगळे एकत्र आहेत, सगळे खूश आहेत, हे बघून पोरीच्या अंगात आनंद मावत नव्हता. तिला पहिला शब्द आला होता. ती डोळे चमकवत, हसत आईकडे बघत होती, शाबासकीसाठी.

हळदी उडाली ती थांबलीच नाही.

माळावर रीत होती की ज्याचा हुर्यो झाला त्याला कुणी पाठ द्यायची नाही. लांडग्याला पाठ कोण देतो? तेच इथे लागू. दिवस कलल्यावर हळदी भिवरीकडे परत आली, तेव्हा शिंगराव तिथे येऊन उभाच होता.

"भिवरे, रीत म्हणजे रीत," तो म्हणाला.

"पाठ माझी आहे, शिंगराव," भिवरी म्हणाली.

"पाठ तुझी. माळ सगळ्यांचा."

भिवरीने गवताचा एक घास तोडला. मग हळदीकडे न बघता म्हणाली, "हळदे, थोडे दिवस कुठंतरी काढ बाई. पोरीला मी बघते."

हळदी काळ्या खडकावर जाऊन बसली. तिच्या जिवाची नुसती आग आग होत होती. खाली माळावर सगळे रवंथ करत होते, जसं काही घडलंच नाही. तिथे बसून ती मोठ्याने म्हणाली, "यांचा हुर्यो मी यांच्याच घशात घालीन. नाही घातला तर साळुंकीची जात सांगणार नाही."

"कुणाशी बोलतेस?" खालून आवाज आला.

खडकाच्या सावलीत लांडगा पडला होता. बरगड्या मोजता याव्यात इतका खंगलेला.

"बोरीखाली तूच होतास ना?" हळदीने विचारलं.

"होतो."

"मग उठला का नाहीस, मेल्या?"

"उठणारच होतो," लांडगा म्हणाला, "पण त्यांची तोंडं तुझ्याकडं वळली. जन्मात पहिल्यांदा मी हुर्यो ऐकला आणि तो माझा नव्हता. फार बरं वाटलं गं. खोटं कशाला सांगू?"

हळदीला वाटलं, याचे डोळे फोडावेत. पण तिच्या मनात दुसरंच काही आलं, आणि जे माळावर कुणी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"एवढे दात, एवढी नखं, आणि शेळ्यांना भितोस?"

"भितंय कोण?" लांडगा उठून बसला. "मला लाज वाटते. मी येतो तो चांगला रुबाबात येतो. आणि ते सगळे हसायला लागले की मला माझी शेपटी कुठं ठेवावी तेच कळत नाही. वर करावी तर माज आल्यासारखं दिसतं. खाली घालावी तर भ्यायल्यासारखं. मग मी आपला निघून येतो. उपाशी झोपतो, पण त्या आवाजात उभं राहवत नाही."

हळदी त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे त्या बिनदातांच्या माळाचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर उभं होतं, लांडग्याच्या लाजेवर. आणि माळाला त्याचा पत्ताही नव्हता!

"लाज काय, जाते," ती म्हणाली. "सवयीचं काम आहे. तू जेवणार का बोल."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. हळदी उंच उडायची, झुडपात दडलेला ससा हेरायची, त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत "हुर्रऽ यो!" करायची. पहिल्यांदा लांडगा नुसत्या आवाजानेच शेपटी पायात घालून पळाला आणि ससाही पळाला.

"अरे खुळ्या, हसत नाहीये मी!" हळदी करवादली. "जेवायला बोलावतेय! वाढलेल्या ताटावरून कुणी उठून जातं का?"

हळूहळू तो थांबायला लागला. मग यायला लागला. शिकार असेल तिथेच हळदी हुर्यो करायची, एरवी चोच उघडायची नाही. हुर्यो म्हणजे ससा. हुर्यो म्हणजे तितर. हुर्यो म्हणजे ऊन ऊन रक्त. सशांनी आणि तितरांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं, पण ते तिच्या मनातही आलं नाही. लांडग्याच्या अंगावर मांस चढलं, केस चमकायला लागले. आणि एका सकाळी तिने हुर्यो केला तेव्हा त्याच्या तोंडातून लाळेची तार गळली आणि शेपटी आपोआप हलली. पुढे पुढे तर हुर्यो झाल्याशिवाय त्याला घास उतरेना.

"आता माळावर चल," हळदी म्हणाली. "तिथं गोल शिंगांचा एक आहे. तो घे. बाकी मला काही नको. माझी पोर घेईन आणि जाईन."

"बरं," लांडगा म्हणाला. तो भुकेला होता.

सकाळचं स्वच्छ ऊन पडलं होतं. हळदी खडकावर बसून बघत होती. लांडगा गवतातून उठला आणि माळावरून सूर आला, "हुर्रऽऽ!" लांब, स्वच्छ, थेट काळजात घुसणारा. भिवरीच्या पाठीवर केशर होती. गळा आईचाच होता. रागातसुद्धा हळदीचा ऊर क्षणभर भरून आला.

"योऽऽ!" सगळा माळ गरजला.

लांडगा थांबला. सगळे त्याच्या मान खाली घालण्याची वाट बघत होते. त्याने कान टवकारले. जिभल्या चाटल्या. आणि शेपटी हलवत पुढे यायला लागला.

आता काय करायचं? त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? त्यांनी आणखी मोठ्याने हुर्यो केला. लांडगा आणखी भरभर आला. ते जेवढे घाबरत होते तेवढे ओरडत होते, आणि जेवढे ओरडत होते तेवढी त्याची भूक खवळत होती. पुढच्या रांगेत, नेहमीच्या जागी, भिवरी उभी होती. घाबरून तिचा आवाजच बंद झाला होता, पण जागा तिने सोडली नव्हती.

"ती नाही!" हळदी खडकावरून किंचाळली. "मागचा! अरे, मागचा घे! गोल शिंगांचा!"

हुर्योच्या त्या कल्लोळात तिचा आवाज याही वेळी कुणाला ऐकू आला नाही. लांडग्याने समोर होती तिला धरलं.

सगळं एकदम शांत झालं. केशर उडून एका गाढवाच्या मानेवर बसली. माळावर फक्त लांडग्याच्या जेवणाचा आवाज येत होता. हळदीने डोळे मिटून घेतले होते. थोडे दिवस काढ बाई, पोरीला मी बघते, असं म्हणणारी ती एकटीच होती.

मग शिंगराव पुढे आला. हो, पुढे! आयुष्यात पहिल्यांदा. बाकीचे रडत होते, तेवढ्यात याचं डोकं चाललं होतं. रक्त चुकवून तो लांडग्यासमोर गुडघे टेकून म्हणाला, "सरकार, आमचा आवाज पसंत पडला का?"

लांडग्याने तोंड पुसलं. "फार छान होता," तो म्हणाला. "जेवणाची गोडीच वाढली. असा रोज सकाळी व्हायला पाहिजे."

"रोज होईल, सरकार. जातीने लक्ष घालीन."

"ज्याचं तोंड बंद दिसेल," लांडगा विचार करत म्हणाला, "त्याला मी घेत जाईन. म्हणजे तुम्हालाही हिशोब सोपा."

शिंगरावने माळाकडे वळून सांगितलं की हुर्यो म्हणजे सरकारांचं स्वागत. आपली ही जुनी रीत आहे. आपले वाडवडील असंच करत आले. एक म्हातारी मेंढी पुटपुटली, "पण शिंगराव, आधी तर आपण त्याला..."

"आधी काय?" शिंगरावने गोडीत विचारलं.

मेंढीने तोंडातला पाला चावला आणि गिळला. "काही नाही," ती म्हणाली. "आधीपासून असंच आहे."

हळदीचा मोठा मान झाला. लांडगा कृतघ्न नव्हता. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "ही माझी बाई. हिनेच मला शिकवलं." काळ्या खडकावर, त्याच्या कानाशेजारी, तिला कायमची जागा मिळाली. तिथून माळ चांगला दिसायचा. आणि शिंगराव रोज खडकाखाली येऊन तिलाही वाकून नमस्कार करायचा. तिने लांडग्याच्या कानात सांगून बघितलं, याला खा, हाच तो. लांडगा म्हणाला, "याचं तोंड कधी बंद असतं का? सगळ्यात मोठा हुर्यो याचाच असतो."

शेवटी एका दुपारी ती पोरीकडे गेली. भिवरी गेल्यावर केशर पाठीशिवाय उरली होती, पण गळा चांगला म्हणून शिंगरावने तिला स्वतःची पाठ दिली होती. त्याच्या दोन शिंगांच्या मध्ये ती बसायची. तो डुलकी घेत होता.

"केशर," हळदी म्हणाली, "मी तुझी आई गं."

"माहीत आहे. तुम्ही सरकारांच्या बाई ना?" पोर अदबीने म्हणाली.

तो "तुम्ही" ऐकून हळदी तिच्या आणखी जवळ सरकली. ती कशीबशी म्हणाली, "चल, आपण इथून जाऊ. लांब कुठंतरी. तुला काही आठवतंय का, त्या दिवशी माझा हुर्यो झाला..."

"आठवतंय की!" केशरचे डोळे चमकले. "सगळ्या माळाने तुमचं स्वागत केलं होतं. माझा पहिला शब्द तोच. भिवरीमावशी सांगायची नाही काही, पण शिंगरावकाकांनी मला सगळं सांगितलं."

"स्वागत नव्हतं गं ते!"

"मग काय होतं?"

हळदीने चोच उघडली. शिंगरावचा एक डोळा किलकिला झाला होता. आजूबाजूच्या मेंढ्यांनी चरायचं थांबवून माना वर केल्या होत्या. पोर हुर्योचा जुना अर्थ शिकली आणि उद्या सकाळी तिचा सूर कचरला, तर खडकावरून ते लगेच ऐकू जाणार होतं. हळदीने चोच मिटली.

"काही नाही," ती म्हणाली. "स्वागतच होतं."

"मी नाही यायची," केशर म्हणाली. "इथं मला पाठ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खडकाखाली जमले. लांडगा वर येऊन बसला आणि त्याच्या कानाशेजारी हळदी बसली. खाली शिंगरावच्या शिंगांमध्ये केशरने मान ताणली आणि सूर लावला, लांब आणि स्वच्छ.

"हुर्रऽऽ!"

"योऽऽ!"

सगळी तोंडं वर वळली होती. खूर आपटत होते, धूळ उडत होती, दात विचकले होते, जीव तोडून माना वेळावल्या जात होत्या. लांडग्याने सुखाने डोळे मिटून घेतले होते. केशर हसत वर आईकडे बघत होती, शाबासकीसाठी.

हळदीने शेपटी वर केली. मग खाली घातली. मग पुन्हा वर केली.